गिटारच्या बॉडीला फिलेट का बसत नाही

गिटार बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: ‘फिलेट बसत नसेल तर फुकटचं सॉफ्टवेअर सोडा, महागडं घ्या. तेही नको असेल तर एसटीएल काढून मशीनला द्या, बाकी सीएनसी बघून घेईल.’ फिलेट म्हणजे मॉडेलच्या कडेला दिलेली गोलाई, एसटीएल म्हणजे पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीत साठवणारी फाइल, आणि सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणारं मशीन.

आधी सॉफ्टवेअर. फुकटच्या फ्रीकॅडमागचं भूमितीचं इंजिन ओपनकॅस्केड फिलेटच्या बाबतीत नाजूक आहे, हे मान्य. पण स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या) धर्तीची बॉडी घ्या: जाडी 44.45 मिमी, कडेची गोलाई 12.7. शिंगाचं (नेकच्या बाजूला पुढे आलेल्या भागाचं) टोक 10 मिमी त्रिज्येचं काढलं असेल, तर 12.7 च्या फिलेटला तिथे वळायला जागाच नाही. पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. महागडं सॉफ्टवेअर तिथे फार तर जुळवाजुळव करतं. तपासायला 3 मिमीपासून त्रिज्या वाढवत न्या. 10 च्या आसपास अडलं की चोर सापडला. टोक 14 चं करा. नाहीतर फिलेट मॉडेलमध्ये घालूच नका, 12.7 चा राउंडओव्हर बिट (कड गोल करणारं पातं) आउटलाइनवरून फिरवा. बिट कुरकुर करत नाही. टोकाच्या मधोमध लाकूड जेमतेम 0.3 मिमी जास्त जातं, सँडिंगनंतर ते कळतही नाही.

3 मिमीलाच अडलं, तर दोष आउटलाइनचा. फोटोवरून ट्रेस केलेल्या डीएक्सएफमध्ये (रेखाचित्राच्या फाइलमध्ये) शेकडो बारीक रेषा असतात, आणि एक्स्ट्रूड केल्यावर (आकाराला जाडी दिल्यावर) प्रत्येकीची वेगळी उभी पट्टी होते. ती ट्रेस खाली ठेवून दहा-पंधरा कंसांनी, प्रत्येक सांध्याला टँजंट बंधन (सांधा सलग वळेल असं) लावून, आकार नव्याने काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाची) खाच मॉडेलमधून वजा होत नसेल, तर बहुतेकदा कापणारा ठोकळा बॉडीच्या माथ्याशी अगदी समपातळीत असतो. तो 1 मिमी वर काढा.

एसटीएलमध्ये कडा हरवतात. खाचेची कड निवडून पॉकेटचा टूलपाथ (बिट फिरण्याचा मार्ग) काढणं अवघड होतं. एककही नसतं, म्हणून इंच-मिमीच्या गोंधळात जॉब 25.4 पट होतो. 241.3 मिमी त्रिज्येच्या फिंगरबोर्डवर 10 मिमीचे पैलू पडले तर चूक 0.05 मिमी, आणि ते पैलू पॉलिशखाली दिसतात. नेकच्या पाठीपुरतं एसटीएल चालेल, टॉलरन्स 0.01 ठेवून.

आणि ‘सीएनसी बघून घेईल’? 6 मिमीचा बिट नेक पॉकेटच्या (नेक बसवायच्या खाचेच्या) आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई सोडणारच. मॉडेलमध्ये कोपरा काटकोनी आणि हीलही (नेकचा पॉकेटमध्ये बसणारा भागही) काटकोनी, मग नेक तळाशी बसत नाही. पॉकेटला 3.2 आणि हीलच्या कोपऱ्यांना 3.5 द्या.