लय वाढली, जागा आटली

गाण्याचा बाज बदलला की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘विकले गेले’. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आला तेव्हापासून मुंबईच्या रॅपर पोरांबद्दल तो वारंवार ऐकू येतो. गल्लीत होता तोवर खरा, सिनेमासाठी गायला की बाटला! इकडे लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅक आइड पीज या इथल्याच हिप-हॉप गटाला हाच आरोप वीसेक वर्षं चिकटलेला आहे. दोन्हीकडच्या चाहत्यांचं दुखणं खरं आहे. निदान मात्र चुकतं आणि चुकीच्या माणसावर खापर फुटतं.

या गटाचा पहिला अल्बम १९९८ चा, ‘बिहाइंड द फ्रंट’. खरी वाद्यं, जॅझकडे झुकलेला बेस, डुलत चालणारे ड्रम. २००३ मध्ये ‘एलिफंक’ आला, त्यात फर्गी ही गायिका आली, आणि जुने चाहते आजही सांगतात की बाई आली आणि रॅप गेला. हे धादांत चूक आहे. पहिल्या दोन्ही अल्बमांवर किम हिल ही गायिका गातेच आहे. ध्रुवपद बाईच्या गळ्यातून आल्यानं रॅप पातळ होत असता, तर तो १९९८ मध्येच झाला असता.

खरा बदल लयीत आहे, आणि तो घड्याळ लावून मोजता येतो. ‘एलिफंक’वरचं ‘व्हेअर इज द लव्ह’ मिनिटाला साधारण ९४ ठोक्यांचं आहे. चार मात्रांची चार आवर्तनं म्हणजे सोळा ठोके, त्यांना दहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. २००९ चं ‘आय गॉट्टा फीलिंग’ १२८ वर आहे, तेच सोळा ठोके साडेसात सेकंदांत संपतात. जवळजवळ पावणेतीन सेकंद गेले. रॅपरसाठी ही एका पुऱ्या ओळीची जागा आहे. तेवढेच शब्द कोंबले तर श्वास तुटतो आणि व्यंजनं एकमेकांवर आदळतात. म्हणून लिहिणारा शब्द गाळतो, उरलेले पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि रॅपची घोषणा होते. त्या गाण्याचा निर्माता डेव्हिड गेटा हा फ्रेंच क्लब-डीजे. त्याच्या दुनियेत हीच लय लागते, कारण एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठोके जुळावे लागतात. डीजे लोक वर्षानुवर्षं वापरत आलेल्या टेक्निक्स टर्नटेबलवर (तबकडी वाजवायच्या यंत्रावर) वेग वरखाली करायची पट्टी आठ टक्क्यांपर्यंतच जाते. ९४ चं गाणं ओढून ताणून १०१ वर येईल, १२८ वर कधीच नाही. म्हणजे क्लबमध्ये वाजायचं तर गाणं मुळातच त्या लयीत बांधावं लागतं.

दुसरी गोष्ट झोलाची, म्हणजे ठोक्यांच्या डुलण्याची, ज्याला ‘स्विंग’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या हिप-हॉपमध्ये मधला हाय-हॅट (ड्रममधल्या झांजेचा ठोका) किंचित उशिरा पडतो. आकाई कंपनीच्या एमपीसी या ठोके रचायच्या यंत्रावर त्याची टक्केवारी असते: ५० म्हणजे अगदी सरळ, ६६ च्या आसपास तिश्र (एका मात्रेचे तीन सारखे भाग). रॅपचा बराचसा जीव या दोहोंच्या मधल्या भागात असतो. क्लबच्या गाण्यात चारही मात्रांवर सारखाच दणका आणि हाय-हॅट सरळ, म्हणजे ५० वर. आपल्याकडे ढोलकीवरची लावणी रिमिक्स करून डीजेवर वाजवतात तेव्हा नेमकं हेच होतं. बोल तेच, पण ढोलकीची लचक इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. मराठी रॅप करणाऱ्या पोरांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ (ठोके आपोआप सरळ जागी बसवणं) शंभर टक्के लावू नका, ५४ ते ५८ च्या दरम्यान झोल ठेवून बघा. मराठीतली ऱ्हस्व-दीर्घ अक्षरं तिथं आपोआप बसतात, सरळ ठोक्यावर ती अडखळतात.

आता आशाताईंचं गाणं. २००५ च्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या दोन चाली आहेत, ‘अपराध’मधली आणि ‘डॉन’मधली ‘ये मेरा दिल’. दोन्ही मूळ गाणी सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांची. ‘आपलं गाणं चोरलं’ अशी बोंब घरून अजून येते, पण इथं मूळ संगीतकारांना रीतसर श्रेय दिलेलं आहे. सँपल, म्हणजे जुन्या मुद्रणाचा तुकडा, घ्यायचं तर परवानग्या दोन लागतात, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि दुसरी चाल व शब्दांच्या मालकाची. वाजवणारे बसवून तुकडा नव्यानं वाजवून घेतला तर पहिली टळते, दुसरी नाही. हे न केल्यास काय होतं ते २००२ च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्यानं दाखवलं. त्यात लताबाईंचा आवाज परवानगीविना होता. प्रकरण लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात गेलं आणि मूळ संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका, असा आदेश २००३ मध्ये निघाला. चोरी म्हणायचं तर ती ही.

परदेशात राहणाऱ्याला या गटात आणखी एक गोष्ट दिसते, जी इथले जुने चाहतेही सोडून देतात. गटातला अ‍ॅपल-डी-अ‍ॅप फिलिपिन्समधून चौदाव्या वर्षी इथं आला. ‘बाजारू’ ठरवलेल्या ‘एलिफंक’वरच त्याचं ‘दि अ‍ॅपल साँग’ आहे. त्याच्या ध्रुवपदात असिन या फिलिपिनो गटाचं जुनं टागालोग गाणं आहे. पुढच्या ‘मंकी बिझनेस’वर आख्खं ‘बेबोट’ टागालोगमध्ये. त्याच्या एका व्हिडिओत १९३६ चं स्टॉकटन दाखवलंय, कॅलिफोर्नियात शेतात राबायला आलेल्या फिलिपिनोंची वस्ती. ज्या अल्बमांवर गट आपलं मूळ विसरला असं म्हणतात, त्याच अल्बमांवर एका स्थलांतरिताला आपली भाषा लाखो लोकांना ऐकवता आली. मूळ कुणाचं, आणि विसरलं कोण, हे लॉस एंजेलिसमध्ये एका वाक्यात सांगता येत नाही. पुण्या-मुंबईतही येऊ नये.

२००९ मध्ये ‘बूम बूम पाव’ आणि ‘आय गॉट्टा फीलिंग’ मिळून सलग २६ आठवडे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या जागी होती. त्या वर्षीचा आवाज मलाही रुचत नाही. ऑटो-ट्यूनचा (सूर आपोआप जागेवर आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेग शून्यावर ठेवला की एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड कापली जाते आणि चौघांचे गळे एकसारखे लागतात. पण २०१८ मध्ये, फर्गी गेल्यावर, ते ‘मास्टर्स ऑफ द सन’ घेऊन परतले. संथ लय, जॅझ, डुलते ड्रम, पाहुण्यांत नॅझ आणि स्लिक रिक हे जुने रॅपर. जुन्या चाहत्यांनी इतकी वर्षं जे मागितलं ते सगळं त्यात होतं. तो अल्बम फारसा खपला नाही. पुढच्याच वर्षी जे बाल्विन या कोलंबियन गायकाबरोबर अर्धं स्पॅनिश ‘रित्मो’ आलं आणि जगभर वाजलं.