मीटर ‘लीन’ म्हणाला म्हणून पेट्रोल ओतू नका

गेले काही महिने पुण्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली ‘काका, बरोबर आहे ना?’ असंही विचारलं. मजकूर थोडक्यात असा : टर्बो गाडी बूस्टवर (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो तेव्हा) गचके देत असेल तर वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलाचं प्रमाण सांगणारा) बघा. लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) दाखवला की मॅपमध्ये (पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता) दहा टक्के पेट्रोल वाढवा, रिच (पेट्रोल जास्त) चालणारं इंजिन कधी फुटत नाही. प्लगचा गॅप (ठिणगी उडते ती फट) वाढवा, ठिणगी मोठी पडते. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन अंश पुढे घ्या. टाकीत १०० ऑक्टेन भरा, ताकद आपोआप वाढते.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या सल्ल्यानं होतं, म्हणून आधी तोच घेऊ.

वाइडबँड पेट्रोल मोजतच नाही. एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन बघून तो मिश्रणाचा हिशेब मांडतो. आता एखाद्या सिलेंडरमध्ये ठिणगी हुकली तर काय होईल? तिथलं पेट्रोल न जळता बाहेर जाईल आणि त्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही तसाच बाहेर जाईल. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि मीटर ‘लीन’ म्हणून मोकळा होतो. मेसेज वाचलेला माणूस पेट्रोल वाढवतो. आधीच रिच असलेलं मिश्रण आणखी रिच झालं की पेटायला आणखी कुरकुरतं, ठिणग्या जास्त हुकतात आणि मीटर पुन्हा लीन दाखवतो. मग अजून पाच टक्के. एक्झॉस्ट पाइपाला सेन्सरच्या आधी बारीक गळती असली तरी मीटर असाच फसतो.

उन्हाळ्यात एक मुलगा अशीच गाडी घेऊन आला होता. जुनी हॅचबॅक, बाहेरून बसवलेला टर्बो, ०.८ बार बूस्ट. कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे गचके. आधीच्या ट्यूनरनं दोनदा मिळून बारा टक्के पेट्रोल वाढवलेलं, गाडीमागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरत होते. आणि मीटर? लीन!

लॉगमध्ये (गाडी चालवताना नोंदलेल्या आकड्यांच्या आलेखात) ही दोन दुखणी वेगळी दिसतात. पेट्रोल खरंच कमी पडत असेल तर रेषा आरपीएमबरोबर हळूहळू लीनकडे झुकते आणि वरच्या टोकाला जास्त बिघडते, कारण मागणी तिथे सर्वात जास्त असते. ठिणगी हुकत असेल तर रेषेला करवतीसारखे दात येतात, आणि बहुधा जास्तीत जास्त टॉर्कच्या आसपास येतात, कारण सिलेंडर तिथे सगळ्यात ठासून भरलेला असतो. त्या मुलाच्या लॉगमध्ये नुसते दात होते.

इथेच मेसेजचा गॅपचा सल्ला उघडा पडतो. दाबाखालच्या दाट हवेतून ठिणगी उडी मारायची तर जास्त व्होल्टेज लागतं, गॅप वाढवला की त्याहून जास्त. ठिणगीला व्होल्टेज पुरवणारी कॉइल द्यायचं तेवढंच देते. म्हणून बूस्ट वाढवलेल्या इंजिनात गॅप कमी करतात. त्या गाडीत १.१ मिलिमीटर होता, टर्बो नसलेल्या इंजिनाला शोभेल असा. तो ०.७ वर आणला, आणि गचके गेले. मग मीटर पहिल्यांदाच खरं बोलला : एक भाग पेट्रोलाला हवा फक्त १०.६ भाग! वाढवलेलं बारा टक्के पेट्रोल सगळं काढून टाकलं, तेव्हा आकडा बाराच्या जवळ आला. बूस्टवर पेट्रोल गाडीला साधारण साडेअकरा ते साडेबारा पुरतं.

गॅप कमी करूनही गचके राहिले तर कॉइलला बूस्टवर पुरेसं व्होल्टेज मिळतंय का आणि ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरात) ड्वेल (कॉइल भरायला दिलेला वेळ) किती लावलाय ते बघा. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घ्यायचा असेल तर नाना पेठेतल्या दुकानात नुसतं ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणू नका. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा मात्र उलटा.

पेट्रोल खरंच कमी पडत असलं तरी मॅपला हात लावायच्या आधी रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब) बघा. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्शन असलेल्या गाडीत रेल ३ बारवर असेल आणि रेग्युलेटरला बूस्टची नळी जोडलेलीच नसेल, तर १ बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक २ बार उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे १८ टक्के पेट्रोल गायब. दोष एका निसटलेल्या नळीचा, आणि मॅप मात्र वर्षभर वाकडा. इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो तेही मोजा : ६००० आरपीएमला पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं असतं. त्यातले १७ आधीच वापरले जात असतील तर मॅपमध्ये आकडा वाढवून वाढवणार किती?

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलवर बसवलेला जुना मॅप त्यावर तीन-चार टक्के लीन पडतो. आरामात चालवताना ईसीयू ते ट्रिमनं (सेन्सर बघून आपोआप केलेल्या दुरुस्तीनं) भरून काढतो, पण पुरतं अॅक्सिलरेटर दाबल्यावर अनेक गाड्यांत ते होत नाही. तेव्हा पेट्रोल जरूर वाढवा, पण मोजून आणि लॅम्डात (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं बरोबरचं प्रमाण) बोलून. मीटरवरचा १४.७ साध्या पेट्रोलच्या हिशेबाचा आहे, इथेनॉल मिसळलं की बरोबरचं प्रमाण खाली सरकतं. लॅम्डा १ तो १च.

‘रिच कधी फुटत नाही’ हे अर्धवट ज्ञान. थोडं रिच ठेवलं की थंडावा मिळतो, खरं आहे. हद्द ओलांडली की पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, खाली ऑइलमध्ये उतरतं, प्लग काळे करतं, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टरची किंमत विचारून बघा.

टायमिंगचं म्हणाल तर बूस्ट वाढला की ते साधारणपणे मागे घ्यावं लागतं. नॉक (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक) ओळखणारा सेन्सर आधीच दोन अंश मागे ओढत असेल तर तुम्ही पुढे ढकललेले दोन तो पुन्हा मागे ओढेल. बाहेरच्या ईसीयूत नॉक कंट्रोल चालूच नसेल तर ओढणारं कोणी नाही, मग पिस्टनच्या रिंगांमधला कठडा तुटतो. उलट गरजेपेक्षा मागे ठेवलं तर उष्णता एक्झॉस्टमध्ये जाऊन टर्बो लाल होतो. मे महिन्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापलेला इंटरकूलर घेऊन काढलेला लॉग आणि पहाटेचा लॉग यांची तुलना करू नका, एवढं मात्र सांगेन.

१०० ऑक्टेननं नॉकिंग रोखलं जातं, ठिणगी नाही. नॉकमुळे ईसीयूनं टायमिंग ओढून ठेवलं असेल तर गाडी ते परत मिळवेल. तसं नसेल तर त्या मुलाच्या गाडीसारखं होईल. प्लग बदलायच्या आधी त्यानं दोन टाक्या १०० ऑक्टेनच्याच जाळल्या होत्या.