आजोबांच्या .३१५ रायफलीचा भाव कमी का सांगितला: दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण आमच्या दुकानाच्या परीक्षणात एक तारा देऊन लिहिलंय की आजोबांची .३१५ बोअर रायफल पॉलिश करून, नव्यासारखी करून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या दुकानी आणली, तरी आम्ही नव्या रायफलीच्या निम्म्याहून कमी भाव सांगितला, आणि गोळी झाडूनही पाहिली नाही. शिवाय फौजी बनावटीचं हत्यार कधी बिघडत नाही, असंही आपलं म्हणणं आहे. ग्वाल्हेरात अशा रायफली बऱ्याच घरांत आहेत, म्हणून कारणं इथेच मांडतो.

इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ही ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीच्या धर्तीवर बनते आणि दणकट असते, यात वाद नाही. पण या बनावटीत बोल्टचे (काडतूस मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचे) लग, म्हणजे त्याला अडकवून धरणारे उंचवटे, मागच्या बाजूला असतात आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या बॉडीला (ज्यात तो सरकतो त्या सांगाड्याला) घासूनपुसून बसवलेला असतो. म्हणून आम्ही सगळ्यात आधी नंबर पाहतो. आपल्या रायफलीच्या बोल्टच्या दांडीवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळत नाही, म्हणजे बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. अशा वेळी अनेकदा एकच लग टेकतो आणि सगळा दाब त्याच्यावर येतो. लगना शाई लावून, डमी (बिनदारूचं) काडतूस घालून बोल्ट बंद करून उघडला की शाई कुठे पुसली ते दिसतं. आपल्या बोल्टच्या एका लगवरची शाई जशीच्या तशी राहिली होती.

मग हेडस्पेस. हे काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे बोल्टचं तोंड आणि चेंबरची (नळीतल्या काडतुसाच्या घराची) कड यांतली जागा मापायची असते; तीच हेडस्पेस. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) काढून 'नो-गो' गेज, म्हणजे कमाल जागेचं माप, घातला तर बोल्ट बंद व्हायला नको. आपला बोल्ट एका बोटाने बंद झाला. अशा रायफलीत काडतुसाचं पितळ मागे ताणलं जातं, बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटतं, आणि एखाद्या वेळी तिथेच फाटून गरम गॅस तोंडावर येतो. झाडून पाहिली नाही ती याच कारणासाठी, आणि कृपा करून आपणही झाडू नका. बोल्टहेड (बोल्टचं पुढचं टोक) बदलून हे कधीकधी सुधारतं, पण ते काम परवानाधारक कारागिराचंच.

नळी चेंबरकडून पाहिली तर चकाकते. तोंडाकडून दिवा लावून पाहिलं की शेवटच्या दोन-तीन इंचांत आतल्या पिळदार सरी बोथट झालेल्या आणि भोक एका अंगाला लांबट झालेलं दिसतं. पुल-थ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की असं होतं. नेम तिथेच जातो. मधले बारीक खड्डे जुन्या काडतुसांच्या टोप्यांमुळे (दारू पेटवणाऱ्या प्रायमरमुळे) पडतात. त्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटचं जळून मीठ होतं, ते पावसाळ्यात ओल धरतं, आणि तेलात विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल, हाच क्रम.

पॉलिशमुळे किंमत वाढली नाही, उलट घटली. बफ फिरवल्याने बॉडीवरची अक्षरं अंगठ्याला लागेनाशी झालीत, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्यात, आणि प्रूफची (दाब-चाचणीची) मुद्रा अर्धीच वाचता येते. जुना, फिका पण मूळ रंग असता तर आम्ही जास्त दिले असते. पॉलिशखाली काय दडवलंय, हा प्रश्न पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक विचारणार.

लाकडाला बॉडीमागे केसासारखी चीर आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि धक्का चुकीच्या जागी बसतो. मॅगझीन मात्र उत्तम आहे, पाचही डमी न अडकता चढले.

बाजाराचंही थोडं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे जुना माल विकायला निघाला आणि घेणारे कमी झाले. .३१५ ला त्याचा फटका बसलाच.

आपण दुसऱ्या दुकानी जरूर दाखवा, पण नंबर, गेज आणि नळीचं तोंड आपल्या डोळ्यांदेखत तपासून घ्या. परस्पर एखाद्या परवानाधारकाला विकणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांना आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. जुळणारा मूळ बोल्ट घरात कुठे सापडला तर घेऊन या, गेज पुन्हा लावू आणि भावही नव्याने सांगू.