व्हीगन व्हायचंय? मग पुस्तकच घ्या!

व्हीगन व्हायचं, म्हणजे मांस-अंडीच नव्हे तर दूध-तूपही सोडायचं, ठरवलंत ना? अभिनंदन. आता कुणालाही काही विचारू नका. डॉक्टरला तर नाहीच नाही, तो रक्त तपासायला पाठवेल. ओळखीत एखाद्या आहारतज्ज्ञ बाई असतील, पण त्या ‘सकाळी उठल्यापासून काय काय खाता ते सांगा’ इथून सुरुवात करतात, आणि खरं काय खाल्लं ते मोठ्याने सांगण्याइतकी नामुष्की दुसरी नाही. त्यापेक्षा सरळ अप्पा बळवंत चौकात जा आणि पुस्तक घेऊन या. पुस्तक प्रश्न विचारत नाही. पुस्तकाला तुमचं वय, वजन, थायरॉईड आणि तुम्ही काल रात्री फ्रीज उघडून उभ्याने काय खाल्लंत, यातलं काहीच माहीत नसतं. म्हणूनच ते इतक्या खात्रीने बोलू शकतं.

कोणतं घ्यायचं? मुखपृष्ठावर ‘21 दिवसांत’ असं लिहिलेलं असेल ते. 21च का, हे विचारू नका. गणपतीला दुर्वा एकवीस, मोदक एकवीस, त्यामुळे आपल्याला तो आकडा परका वाटत नाही एवढं बास. मागच्या बाजूला लेखकाचे दोन फोटो हवेतच. पहिल्यात तो ट्यूबलाइटखाली पोट सोडून, कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा उभा असतो. दुसऱ्यात सकाळचं कोवळं ऊन आहे, पांढरा शर्ट आहे, हातात सफरचंद आहे. पोटापेक्षा उजेडातच जास्त फरक पडलाय असं तुम्हाला वाटेल. तिकडे दुर्लक्ष करा, ते कुत्सित मन आहे, साधारण तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्याची शुद्धी होते.

पुस्तक अनुवादित असेल तर फारच उत्तम. मी घेतलं ते तसंच होतं. पहिली सव्वाशे पानं ‘तुम्ही आजवर जे खाल्लंत ते विष होतं’ हे सांगण्यात गेली, आणि मग पाककृती सुरू झाल्या. केल, किन्वा, टेम्पे, न्यूट्रिशनल यीस्ट. यादी घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो.

“किन्वा आहे का?”

“कोण?”

“किन्वा. बारीक दाणे असतात बघा, पांढरे.”

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, “राजगिरा देऊ का?”

पुस्तकात राजगिरा नव्हता, त्यामुळे मी अर्थातच नको म्हटलं. तुम्हीही असंच करा. पुस्तकात नाही ते खाणं नव्हे. किन्वा आणि राजगिरा वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकाच कुळातले आहेत, ही माहिती तुमच्या कानावर आली तरी मनावर घेऊ नका. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तीळ तर त्याच्याही पुढे, आणि तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी आजीच्या बरण्यांमधून निमूट बसलेली असते. असेना. लेखक ज्या गावात राहतो तिथे भाकरी मिळत नाही, तर तुम्ही ती खाऊन त्याच्यापुढे जाणं बरं दिसत नाही. मीठही पुस्तकातलंच वापरा, गुलाबी, डोंगरातलं. त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि दुधाबरोबर आयोडीनचा एक पुरवठा तुम्ही आधीच बंद केलेला असतो. पण फोटोत ते फार छान दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही लेखकांपासून सावध राहायचं, ते म्हणजे ‘माझं चुकलं’ असं छापून मोकळे होणारे. असल्या लोकांनी या धंद्याचं फार नुकसान केलंय. अमेरिकेत फ्रान्सिस मूर लाप्पे नावाच्या बाईंनी 1971 मध्ये एक पुस्तक लिहिलं. शाकाहाऱ्यांनी पुरेशी प्रथिनं मिळवायची तर डाळ आणि धान्य यांची जोडी जाणीवपूर्वक जुळवून खायला हवी, असं त्यात सांगितलं होतं. पुस्तक धो धो खपलं. स्वयंपाकघरांत लोक तक्ते लावून प्रथिनांच्या पत्रिका जुळवायला लागले. आणि बाईंनी काय करावं? दहा वर्षांनी, नव्या आवृत्तीत, स्वतःच लिहिलं की हे जुळवाजुळवीचं प्रकरण आपण उगाच अवघड करून ठेवलं. वेगवेगळे पदार्थ पोटभर खाल्ले तर एवढा काटेकोर हिशोब लागत नाही. आता सांगा, अशा बाईंवर विश्वास कसा ठेवायचा? (आपल्याकडे वरण-भात कालवताना कुणी तक्ता पाहिल्याचं ऐकिवात नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

दुसरे गृहस्थ तर याहून घातक, आणि ते घरचेच निघाले. मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. ‘व्हीगन’ हा शब्द जन्माला यायला तेव्हा अजून 32 वर्षं होती. पुढच्या वर्षी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी आरोग्यावर लेखमाला लिहिली, तिचं पुस्तक झालं, ते देशोदेशी वाचलं गेलं आणि त्याच्या भरवशावर लोकांनी दूध सोडलं. इथपर्यंत सगळं आदर्श आहे. मग 1918 मध्ये त्यांना आव झाली. अंगात त्राण उरलं नाही. हवापालटासाठी माथेरानला नेलं, तर तिथलं पाणी जड, तेही बाधलं. मुंबईत डॉक्टर दलालांनी सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा कस्तुरबांनी मधे तोंड घातलं: व्रत गाईम्हशीच्या दुधाचं ना, मग शेळीचं घ्यायला काय हरकत आहे?

घेतलं. घेतलं ते घेतलं, पण गप्प बसायचं ना! नाही. आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं की व्रताचं अक्षर तेवढं राहिलं, आत्मा गेला. शिवाय वाचकांना बजावलं की माझ्या पुस्तकावरून कुणी दूध सोडलं असेल, तर सगळ्या बाजूंनी मानवत असल्याशिवाय किंवा अनुभवी वैद्यांचा सल्ला असल्याशिवाय हा प्रयोग चालू ठेवू नका. एवढ्यावरही समाधान झालं नाही. 1942 मध्ये पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, आरोग्यावर पुन्हा एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यातही शाकाहाऱ्याला प्रकृती राखायला दूध हवं, हा अनुभव नोंदवला. लोकांना तुरुंगात क्रांती सुचते, यांना शुद्धिपत्र सुचलं.

मजा अशी की चूक नेमकी कुठे होती हे तेव्हा त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी ‘व्हीगन’ हा शब्द तयार केला, आणि दुधात असलेली पण झाडपाल्यात नसलेली एक गोष्ट शास्त्रज्ञांनी वेगळी काढली ती 1948 मध्ये. बी-12 जीवनसत्त्व. म्हणजे पंथ आधी निघाला आणि त्याला काय लागतं ते चार वर्षांनी कळलं. लागतं तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम आणून ठेवलंत तर एका माणसाला हजार वर्षांहून जास्त पुरेल. पण ते बनवतात फक्त जिवाणू. झाडांना ते लागत नाही, म्हणून झाडं त्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्याच्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की ती उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना 1964 मध्ये नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. माझ्या पुस्तकात या विषयाला दीड ओळ होती: ‘आंबवलेले पदार्थ, स्पिरुलिना आणि शेतातून आणलेल्या न धुतलेल्या भाज्या यांतून बी-12 सहज मिळते.’

इडलीच्या भरवशावर राहू नये. स्पिरुलिना म्हणजे शेवाळाची हिरवी पूड, तिच्यात असतो तो बव्हंशी या जीवनसत्त्वाचा तोतया, दिसतो तसाच, कामाला शून्य. राहिली न धुतलेली भाजी. मंडईतली पावसाळ्यातली मेथीची जुडी डोळ्यांसमोर आणा, आणि मग ठरवा. त्यातून आणखी काय काय सहज मिळतं याची यादी पुस्तकात नाही.

आणि तरीही लेखक ठणठणीत आहे! वर्षभर प्रयोग केला, धावतोय, हसतोय, सफरचंद धरतोय. खोटं नाही बोलत तो. गंमत यकृतात आहे. यकृत बी-12ची ठेव करून ठेवतं आणि ती ठेव वर्षानुवर्षं पुरते. चाळीस वर्षं मासे, मटण, अंडी, चीज खाल्लेला माणूस एक दिवस व्हीगन होतो, तेव्हा तो भरल्या खात्यावर संन्यास घेतो. व्याजावर दोन-तीन वर्षं सहज निघतात, आणि तेवढ्यात पुस्तक छापून होतं. आता आपलं खातं बघा. पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहार, दूध म्हणजे दोन वेळच्या चहात घातलेलं, दही म्हणजे ताटाच्या कडेला चमचाभर. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची रक्तं तपासली, तेव्हा तिघांतल्या दोघांचं बी-12 कमी निघालं. हे लोक व्हीगन वगैरे नव्हते हं. म्हणजे त्यागाला बसण्याआधीच तिजोरीत खडखडाट. लेखकाच्या ठेवीवर तुम्ही चेक फाडायचा आणि तो वटेल म्हणून वाट बघायची, हाच खरा विश्वास.

मी ठेवला. सव्वा वर्ष. आई रोज भातावर तुपाची धार धरायची आणि म्हणायची, “तूप म्हणजे काही दूध नव्हे.” ताकाचंही तेच: “ताक कुठे दूध असतं? पाणीच तर असतं.” पेल्यात ओतून ती जायची. कस्तुरबांची परंपरा घरोघरी आहे. मी ताट बाजूला सरकवून पुस्तकातलं पान काढून दाखवायचो.

मग एक दिवस लक्ष्मी रोडवर एक मुलगा मागून धावत आला. “काका, चप्पल!” माझ्या डाव्या पायातली चप्पल वीसेक पावलं मागे राहिली होती आणि मी तसाच चाललो होतो. पायाला कळलंच नव्हतं. त्याआधी दोन महिने बोटांना मुंग्या येत होत्या, पण पुस्तकात ‘शरीर शुद्ध होताना संवेदना जाणवतात’ असं एक वाक्य होतं. तुम्हाला मुंग्या आल्या तर तुम्हीही हेच वाक्य काढून वाचा. पुन्हा वाचा. चप्पल मात्र पट्ट्याची घ्या, म्हणजे मागे राहणार नाही आणि रस्त्यात शोभा होणार नाही.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याला कंप पावणारा चिमटा लावला. “जाणवतंय?”

“काय?”

ते काही बोलले नाहीत, कागदावर लिहीत राहिले. नंतर म्हणाले, “व्हीगन राहा की, कोण नको म्हणतंय. बी-12ची गोळी का नाही घेतलीत?” एक गोळी साधारण कटिंग चहाच्या भावात पडते. मी म्हटलं, पुस्तकात नव्हतं. त्यांनी पुस्तक मागितलं, ते पिशवीतच होतं. चाळता चाळता ते अगदी सुरुवातीच्या पानावर थांबले, जिथे प्रकाशकाचा पत्ता आणि आवृत्तीची तारीख असते. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की या पुस्तकातील मजकूर वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही व परिणामांस लेखक-प्रकाशक जबाबदार नाहीत. सबंध पुस्तकात वकिलाला दाखवून लिहिलेलं हे एकच वाक्य, त्यामुळे ते वाचायच्या फंदात पडू नका. अक्षरं बारीक आहेत, डोळे दुखतील.

तर इंजेक्शनं झाली, गोळी सुरू आहे, मुंग्या बऱ्यापैकी गेल्यात. डावा अंगठा अजून थोडा परका वाटतो. व्हीगन मी आहेच. औषधाच्या दुकानात कॅप्सूल दिली तर तिचं कवच जिलेटिनचं तर नाही ना हे विचारतो, आणि दुकानदार हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे, त्यात दूध चालतं, हेही मला पुड्याच्या मागची बाजू वाचूनच कळलं.

परवा रात्री आईने पिठलं टाकलं होतं. लसूण, मिरची, तेलात मोहरी तडतडलेली, वर कोथिंबीर. बाजूला ज्वारीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, तिळाची चटणी. तूप नाही, ताक नाही, हल्ली ती विचारतही नाही. ताट पुढे ठेवून म्हणाली, “यात दुधाचा थेंब नाही. हे चालतं का रे तुझ्या पुस्तकात?”

मी कपाटातून पुस्तक काढलं आणि मागची सूची उघडली. ‘प’ काढला. पर्सिमॉन होतं, पार्सली होती, आणि पार्सलीच्या खाली थेट पिस्ता.