फ्यूज मोठा टाकून गाडीचा दिवा दुरुस्त होत नाही

पहिला जोराचा पाऊस पडला की आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. यंदाही आला. वर ठळक अक्षरांत ‘बल्ब बदलला तरी गाडीची लाईट लागत नाही? गॅरेजला जाऊ नका, ५ मिनिटांत घरीच करा’, आणि खाली सहा उपाय. फ्यूज उडत असेल तर एक नंबर मोठा टाका. होल्डरवर मीटरने १२ व्होल्ट दाखवले तर वायरिंग ठीक आहे, नवा बल्बच खराब. इंडिकेटर भरभर लुकलुकतोय म्हणजे फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) गेला. एलईडी लावा, करंट कमी लागतो, फॉल्ट आपोआप जातो. तरी जमलं नाही तर बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढा. आणि मागचे दिवे विचित्र वागत असतील तर पूर्ण वायरिंग बदला.

मी १८ वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. हा मेसेज वाचून लोकांनी काय काय केलं ते माझ्याकडे दुरुस्तीला येतं, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात धोक्याचा उपाय फ्यूजचा, म्हणून तो आधी. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून, बल्बशी त्याचा फारसा संबंध नाही. हेडलाईटचा एच ४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला ६०, लो बीमला ५५. ५५ वॅटला १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर लागतात. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या हेडलाईटला वेगवेगळा फ्यूज असतो, १० अँपिअरचा लाल किंवा १५ चा निळा. म्हणजे योग्य बल्ब असताना तो उडायला नको. उडतोय, तर एक तर तुम्ही १००/९० वॅटचा बल्ब बसवलाय, किंवा वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागून शॉर्ट झालीय. अशा वेळी २० चा पिवळा किंवा ३० चा हिरवा फ्यूज टाकला की वायरच फ्यूजचं काम करायला लागते. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते.

कोपरखैरण्याची एक गाडी अशीच आली होती. बोनेट उघडलं तसा जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॅटरीच्या मागच्या बाजूला उंदराने वायर कुरतडली होती, फ्यूजबॉक्समध्ये ३० चा हिरवा, आणि शेजारच्या चार वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या. आणखी थोडा वेळ लाईट चालू राहिली असती तर मालकाला गाडी सोडून बाहेर उडी मारावी लागली असती.

शॉर्ट शोधायची रीत जुनी आहे आणि फुकटची आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत २१ वॅटचा साधा बल्ब वायरीने जोडा. त्या बाजूच्या हेडलाईटचा कपलर, म्हणजे बल्बच्या मागचा वायरींचा प्लग, काढून ठेवा आणि स्विच ऑन करा. शॉर्ट असेल तर हा टेस्ट बल्ब लख्ख पेटेल, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देणार नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग वायरिंग हाताने हळूहळू हलवत पुढे सरका. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मिणमिणतो, तिथेच सोललेली वायर आहे.

आता मीटरचं. इथे चांगले शिकलेले लोकही फसतात, कारण मीटर खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावलं तर त्यातून जाणारा करंट नगण्य असतो. वायरीचे सगळे तंतू तुटून एकच शिल्लक असला, पिनवर हिरवा गंज चढलेला असला, तरी एवढ्याशा करंटला काही अडत नाही. मीटर १२ दाखवतं. बल्ब लावून साडेचार अँपिअर ओढायला गेलात की तोच गंज आडवा येतो. समजा त्या जोडात अर्धा ओहमचा अडथळा आहे. मग सुमारे दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, बल्बला १० च्या आसपास मिळतात आणि हॅलोजनचा उजेड जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय त्या बारक्या जोडात सातेक वॅट उष्णता साठत राहते. एच ४ च्या कपलरचं प्लॅस्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन फुगतं ते यामुळेच. तसा कपलर दिसला तर नवा बल्ब लावून उपयोग नाही, कपलर आणि पिन दोन्ही बदला.

म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरचा काळा टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक कपलर लावलेला असतानाच मागून अर्थच्या पिनला, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या पिनला. आकडा शून्याजवळ हवा, ०.१ ते ०.२ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब. प्लसची बाजूही अशीच तपासा, फक्त तिथे स्विच आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) मध्ये असल्याने थोडा जास्त आकडा चालतो. मीटर नसेल तर चांगल्या जाडीची एक वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या अर्थला लावा. दिवा लागला किंवा उजळला तर प्रश्न तिथेच मिटला.

दिव्याला दोन पाय असतात हे सगळे विसरतात. प्लस येतोय का एवढंच बघतात, परत जाणारी वाट कोणी बघत नाही. नवी मुंबईत, खाडीच्या खारट हवेत आणि चार महिने ओल्यात, ही परतीची वाट सगळ्यात आधी खराब होते.

गेल्या जुलैत घणसोलीचे एक काका हॅचबॅक घेऊन आले. ब्रेक दाबला की त्या बाजूचा इंडिकेटर मंद पेटायचा, मागचाही आणि पुढचाही. पार्किंग लाईट चालू असताना ब्रेक दाबला तर टेल लाईट उजळायच्या ऐवजी उलट मंद व्हायची. त्यांनी बल्ब दोनदा बदलला होता, आणि मेसेज वाचून पूर्ण वायरिंग बदलायच्या तयारीने आले होते. मी डिकीतलं साईडचं पॅनल काढलं. आत बॉडीला स्क्रूने कसलेलं काळ्या अर्थ वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, होतं. टेल लाईटच्या पॅकिंगमधून झिरपलेलं पाणी तिथे मुरून स्क्रूभोवती हिरवट पांढरी पूड जमली होती, बोट लावलं की भुगा पडत होता. ब्रेक दाबून त्या थिंबलवर मीटर लावलं तर ८ व्होल्ट. अर्थवर ८ व्होल्ट! ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परत जायला वाट नाही, म्हणून तो मागच्या इंडिकेटर बल्बच्या तारेतून (फिलामेंटमधून), मग पुढच्या इंडिकेटर बल्बच्या तारेतून अर्थ शोधत होता. तिन्ही २१ वॅटचे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४ व्होल्ट. थिंबल नवं बसवलं, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, स्क्रू कसला, वरून ग्रीस लावलं. काका पॅनल बसवताना विचारत होते, “दादा, खरंच एवढंच होतं?” एवढंच होतं. पॅकिंग मात्र नवं टाकायला लावलं, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच.

नवा बल्ब खराब निघत नाही असं मी म्हणत नाही. निघतो, पण क्वचित. त्याहून जास्त वेळा चुकीचा बल्ब लागतो. ब्रेक आणि टेल एकत्र असलेला बल्ब २१/५ वॅटचा, तळाला दोन ठिपके आणि बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर. एक ठिपक्याचा बल्ब त्या होल्डरमध्ये जोर लावून बसवणारेही भेटतात. मग तो एक ठिपका दोन्ही लाईन एकमेकींना जोडतो आणि ब्रेक दाबला की टेल लाईटही लागतात. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून काच तिथे कमजोर होते. आणि बल्ब महिन्या-दोन महिन्याला उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्ट बघा. साडेतेरा ते साडेचौदा हवेत. पंधराच्या वर गेले तर दोष चार्जिंगचा आहे.

इंडिकेटर भरभर लुकलुकणं म्हणजे बहुतेक वेळा फ्लॅशर नीट काम करतोय. त्या बाजूचा एक बल्ब गेला, लोड कमी झाला, हे तो तुम्हाला सांगतोय. पुढे, मागे आणि बाजूचा, तिन्ही बघा.

एलईडीचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय चालतो असं दिसतं. खराब अर्थवर २१ वॅटचा बल्ब लागत नाही, तीन वॅटची एलईडी लागते, आणि गंज आत वाढत राहतो. मग तीच एलईडी इंडिकेटर भरभर लुकलुकवते, म्हणून लोड वाढवायला लोक रेझिस्टर लावतात. ६ ओहमचा रेझिस्टर चालू असताना २४ वॅट तापतो आणि तो टेल लाईटच्या प्लॅस्टिकला टेकवून ठेवलेला मी पाहिलाय. हेडलाईटमध्ये तर अजिबात नको. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघत नाही, तो फाकतो, आणि ठाण्याच्या येऊरच्या वळणांवर समोरच्या बाइकवाल्याला काही क्षण रस्ताच दिसत नाही.

डायरेक्ट वायर तपासणीपुरती, मध्ये फ्यूज घेऊन, दोन सेकंद चालेल. कायमची नको. नव्या गाड्यांत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर चालवतो. त्याच्या आउटपुटवर बाहेरून बॅटरी जोडली तर तो जळू शकतो, आणि त्याच्या किमतीत कितीतरी बल्ब येतात.

राहिलं पूर्ण वायरिंग बदलणं. हॅचबॅकमध्ये नंबर प्लेटचा दिवा किंवा वरचा तिसरा ब्रेक लाईट कधी लागतो, कधी नाही, तेव्हा मागचा दरवाजा आणि छत यांच्यामधला रबरी पाईप बघा. दरवाजा हजारो वेळा उघडझाक झालेला असतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते, पण पाईप सरकवून एकेक वायर हलकेच ओढली की एक रबरासारखी ताणली जाते. आतलं तांबं तुटलेलं असतं, फक्त वरचं प्लॅस्टिक धरून असतं. तेवढाच तुकडा कापा, त्याच जाडीची थोडी लांब वायर झाळून जोडा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. जोड पाईपच्या वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नका. आणि पाईप परत भोकात बसवताना त्याची कड सगळीकडून खाचेत बसलीय का ते बोटाने फिरवून बघा, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच डिकीत उतरतं.