पाव्हणं, गाडी घेऊन सांगलीला येताय?

मागच्या आठवड्यात सांगलीत कापडपेठेजवळच्या एका बोळात माझी गाडी दुसऱ्याच्या गाडीमुळे अडकली आणि मला विचार करायला बक्कळ वेळ मिळाला. त्या चिंतनातून निघालेलं हे मार्गदर्शन, बाहेरगावाहून स्वतःची गाडी घेऊन सांगली-मिरजेला येऊ घातलेल्या सर्वांसाठी. मी नाशिकचा, सासुरवाडी सांगलीची. त्यामुळे मला येणं चुकत नाही. तुम्हाला चुकवता येत असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

पहिला धडा शहराच्या वेशीआधीच मिळतो. पेठ नाक्याला हायवे सोडून आष्ट्याच्या दिशेने लागलात की उसाशी गाठ पडते. कृष्णाकाठी ऊस दोन तऱ्हेचा. एक उभा, तो रस्त्याच्या कडेला असतो. दुसरा आडवा, तो रस्त्याच्या मधोमध असतो. दिवाळीच्या आसपास ही दुसरी जात तरारून येते ती शिमग्यापर्यंत हटत नाही. एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, दोन्हींतून दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेल्या मोळ्या, आणि ट्रॅक्टरच्या टपाला स्पीकर. हॉर्न वाजवू नका. ड्रायव्हरच्या गाण्यात व्यत्यय येईल, म्हणजे हॉर्न त्याला ऐकू गेला तर. रात्रीच्या वेळी मागच्या ट्रॉलीला दिवा शोधत बसू नका. समोरच्या अंधारातला एक चौकोन बाकीच्या अंधारापेक्षा जास्त काळा दिसला की ती ट्रॉली. ती धडकायच्या आधी ओळखायची की नंतर, हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न.

गतिरोधकावर पांढरे पट्टे शोधू नका. गतिरोधक दिसत नसतो, कळतो. टाळूला.

नंबरप्लेटकडे लक्ष द्या. एमएच १० असेल तर तुम्ही काहीही करू शकता. एमएच ०९ असेल तर ‘कोल्हापूरचंच हाय, असंच चालवणार’ म्हणून सोडून देतात. एमएच १२ असेल तर तुम्हाला वळण लावायची जबाबदारी अख्ख्या चौकाची. माझ्या एमएच १५ ने मात्र लोक जरा बुचकळ्यात पडतात. शेजारी थांबलेला दुचाकीवाला काचेवर टिचकी मारतो. आपल्याला वाटतं, टायर पंक्चर झालं असणार. काच खाली केली की तो विचारतो, “पाव्हणं कुठलं?”

सिग्नल हिरवा झालेला असतो. तरी उत्तर द्या, न देणं शिष्टपणाचं दिसतं. नाशिक म्हणालात की पुढचा प्रश्न द्राक्षांचा. यंदा भाव काय, पावसानं किती मारलं, छाटणी कधी धरता. मग तो तुम्हाला समजावून सांगतो की तुमची द्राक्षं दिसायला बरी, चव आमच्या तासगावकडची. बेदाण्याचा विषय निघण्याआधी गाडी गिअरमध्ये टाका. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि ते त्याला माहीत आहे. मागचे लोक हॉर्न वाजवत असतात, पण ते त्याला नाही, तुम्हाला.

सिग्नल चालू असेल तर तो दिवा बघू नका, खाली पोलीस आहे का ते बघा. बाकी सगळे तेच बघत असतात.

शंभर फुटी रस्त्यावर जाताना फूट मोजू नका.

दुचाकीचा इंडिकेटर हा गाडीबरोबर फुकट आलेला शोभेचा दिवा आहे. पाय बघा. उजवा पाय बाहेर आला तर गाडी उजवीकडे वळते. डावा आला तर बहुधा चप्पल निसटलेली असते.

पत्ता विचारणं. मोबाइलमधली बाई एकेरी रस्त्यावर उलटं घालते, म्हणून माणसाला विचारावं, हे बरोबरच. फक्त विचारताना लक्षात ठेवा की ‘मला माहीत नाही’ हे वाक्य सांगलीत बोललं जात नाही. ते पाहुण्याला विन्मुख पाठवण्यासारखं होईल. माहीत नसलं तरी माणूस हात उचलतो, कुठल्या तरी दिशेला नेतो आणि म्हणतो, “सरळ जावा की, हितंच हाय.” हितंच म्हणजे पुढचा चौक असेल, नाहीतर मिरजही असेल, दहाएक किलोमीटरवर. पूर्वी जिथे थेटर होतं तिथून उजवीकडे वळायला सांगतील. थेटर तुमच्या लहानपणीच पडलेलं असतं, शिवाय तुमचं लहानपण नाशकात गेलेलं असतं. जुन्या भागात तर पत्ता पाण्याने सांगतात. “२०१९ ला जिथवर पाणी आलतं ना, तिथनं डावीकडं.” एवढ्यात शेजारचे काका म्हणतात, तिथवर २००५ ला आलतं, १९ ला त्याच्याही वर होतं. तिसरा २०२१ काढतो. मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, ती कुठल्या वर्षी कितीने ओलांडली, कोयनेतून कधी किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने दारं कधी उघडली, हे सगळं तुम्हाला समजतं. (यावर विनोद करायला मला जीभ रेटत नाही. ज्याच्या घरात तीनतीनदा पाणी शिरलं त्याच्या डोक्यातला नकाशा असाच असणार. पण मला त्या क्षणी सराफाचं दुकान हवं होतं.)

आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यावरून जाताना नदीकडे बघा, छान दिसते. समोरून येणारा दुचाकीवालाही तिच्याकडेच बघत असतो.

आता पार्किंग. हा विषय शांतपणे मांडायचा मी घरून निघतानाच निश्चय केलाय.

बाहेरून आलेला माणूस काय करतो? हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ असं दोनदा फिरतो, सम-विषम तारखेची पाटी वाचतो, कॅलेंडर बघतो आणि एखाद्या बोळात अगदी भिंतीला खेटून, आरसे मिटवून गाडी लावतो. इथेच घात होतो. कारण नीट कडेला लावलेली गाडी ही मागून येणाऱ्यासाठी खूण असते, की हिच्या शेजारी आपली लावायची. माझ्या गाडीला अशीच एक पांढरी गाडी येऊन चिकटली. हँडब्रेक ओढलेला. आत गणपती, मागच्या काचेवर हात जोडून हसणारे एक नेते. काचेवर फोन नंबरही होता, गाडी विकणाऱ्या शोरूमचा.

अशा वेळी घाबरू नका, बोळ तुमच्या पाठीशी असतो. पहिला दुकानदार बाहेर आला. “आप्पांची न्हाई का ही?” दुसऱ्याने वाकून नंबर बघितला, “आप्पांचीच.” पानवाल्याने भर घातली की आप्पांचा धाकटा पुण्यात कंपनीत असतो आणि ही गाडी त्यानेच घेऊन दिली. शिंपीकाकांना आप्पांच्या मेव्हण्याचं बायपास झाल्याचं ठाऊक होतं. आप्पांची मळ्यातली वाटणी कशी झाली, थोरल्याला विहीर गेली आणि आप्पांना रस्त्याकडची बाजू आली, तेही मला उभ्या उभ्या कळलं. म्हटलं, एवढं माहीत आहे तर आप्पांना फोन लावा की. सगळे गप्प. नंबर सगळ्यांकडे होता. शेवटी पानवाला म्हणाला, “आत्ताच गेल्यात ओ. येतील की दोन मिंटात. उगं कशाला?”

उगं कशाला म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला उगाच त्रास कशाला. मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सासूबाईंचा नंबर हुकत होता, त्या मागच्या सीटवर घामाघूम होऊन बसल्या होत्या, बायको माझ्याकडे बघायची बंद झाली होती, हे काही त्रासात धरत नाहीत. पाहुण्याने बसायचं असतं. खुर्ची आली. पाणी आलं. चहा आला, त्यावर कागदात भडंग आलं, आणि भडंग फर्मास होतं, खोटं कशाला बोलू. सासूबाईंना शिंपीकाकांनी आत पंख्याखाली नेऊन बसवलं. माझ्या लग्नात झाली नसेल एवढी सरबराई त्या बोळाने माझी केली. फोन तेवढा कुणी केला नाही. मी वाहतूक पोलिसांचं नाव काढलं तेव्हा हातातला कप परत मागतील की काय असे चेहरे झाले.

आप्पा आले. हातात पिशवी, चालीत घाई नाही.

“काय झालं रं?”

“पाव्हण्यांना गाडी काढायचीय.”

“मग फोन करायचा की लगा! दोन मिंटात आलो असतो.”

आणि सगळा बोळ माझ्याकडे वळून बघायला लागला, की खरंच, या माणसाने फोन का नाही केला!

वर आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नाशिकचं व्हय? आता आलाय तर जेवूनच जावा. घर जवळ हाय.” मनापासून म्हणत होते. त्यात नाटक नव्हतं. तेच मला सहन होत नाही.

तर वाचकहो, सल्ला असा की... जाऊ दे. तुम्हाला सल्ला देऊन काय उपयोग, तुम्ही बिचारे माझ्यासारखेच अडकणार. आप्पा, मी तुमच्याशीच बोलतो.

आप्पा, तुम्ही माणूस वाईट नाही. २०१९ च्या पुरात या गावातल्या पोरांनी ओळखदेख नसलेल्यांना होड्यांतून बाहेर काढलं, बायकांनी शेकडो लोकांच्या भाकऱ्या थापल्या, साऱ्या महाराष्ट्राने बघितलंय. मग पाणी ओसरलं की शेजारी उभ्या माणसाची अडचण तुम्हाला दिसेनाशी कशी होते? अनोळखी माणसाला जेवायला घालायची तुमची तयारी आहे, आणि त्याच माणसासाठी चार दुकानं पलीकडे, मोकळ्या जागेत गाडी लावून पाच मिनिटं चालायची नाही? जेवण नको मला. वाट पाहिजे. आणि तुम्ही बोळातले सगळे, तुम्हीही काही कमी नाही. नंबर खिशात ठेवून तुम्ही एका म्हातारीला उन्हात बसवलंत, नंतर सावलीत नेलंत, आणि वर त्याला माणुसकी म्हणालात. आप्पांना राग येईल म्हणून! आप्पा रागावले असते तर काय झालं असतं? पान खायला दुसरीकडे गेले असते?

माझं सोडा, मी सासूबाईंना तपासणीला दुसऱ्या दिवशी नेलं. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कोल्हापूर, सोलापूर, पार बेळगाव-विजापूरकडची माणसं जीव वाचेल या आशेने तिथे येतात. सांगली-मिरज रस्त्यावर सायरन वाजला नाही असा दिवस जात नसेल. त्या रस्त्यावर, विश्रामबागच्या पुढे, वडापवाला, म्हणजे शेअर रिक्षावाला, हात दाखवणाऱ्या एका गिऱ्हाईकासाठी रस्त्याच्या मधोमध रिक्षा थांबवतो. त्याच्यामागे मोटारवाला उजवीकडून घुसतो, राँग साइडने चार दुचाक्या तोंडावर येतात, आणि मागे रुग्णवाहिका कोकलत उभी. मी बघितलीय. आत कुणीतरी सलाइनची बाटली हातात धरून उभं होतं. आणि दोन दुचाकीवाले बाजूला व्हायचं सोडून आत वाकून बघत होते, कुठल्या गावचा पेशंट म्हणून!

रुग्णवाहिका अडवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे, वर सहा महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. पण कायदा कशाला सांगायचा तुम्हाला? तुमच्या मेव्हण्याचं बायपास झालं ना? त्याला नेताना रस्ता कुणी मोकळा करून दिला, कुणी अडवला, घरी विचारा. डावीकडे व्हा. गिऱ्हाईक दोन पावलं चालत येईल, त्याला चालू द्या. चौकात गप्पा मारायच्या असतील तर गाड्या स्टँडवर लावा आणि कट्ट्यावर बसून मारा.

ट्रॅक्टरवाले, तुम्ही सुटला नाहीत. हंगामाच्या तोंडावर आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, फोटो निघतात, आणि महिनाभरात ते रिफ्लेक्टर चिखलाने माखून दिसेनासे होतात. फडकं मारा त्याच्यावर, रोज संध्याकाळी, गाणं लावायच्या आधी. ट्रॉलीला मागे दिवा लावा. पंक्चर झालेली भरली ट्रॉली रस्त्यात सोडून घरी जेवायला जाऊ नका. आणि चाकाला लावलेला तो डोक्याएवढा धोंडा, ट्रॉली निघाली की तिथेच ठेवून जाता ना? मागून मोटारसायकलवर कुणाचं तरी पोर येत असतं. उचला तो, आणि शेतात टाका.