चांगली नोकरी!

फेब्रुवारी महिन्यात माझ्या उजव्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा एक खडा असल्याचे सोनोग्राफीत निष्पन्न झाले. बत्तीस वर्षे मराठी शिकवूनही 'गडबडा लोळणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी त्याच्या आदल्या रात्री प्रथमच स्वतः करून पाहिला होता. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि कागदाच्या तळाशी एक वाक्य दोनदा अधोरेखित केले : दिवसाला किमान अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. "म्हणजे अडीच लिटर पाणी प्यायचे?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, मी बाहेर पडणाऱ्याचे बोलतो आहे. आत किती घालायचे ते तुम्ही बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाचे खाते वेगळे धरा."

पुण्याला शिकणाऱ्या मुलाला हे कळताच त्याने व्हिडिओ कॉलवरून माझ्या फोनमध्ये पाण्याची आठवण करून देणारे एक ॲप बसवले. त्या ॲपने माझे वजन, उठण्याची वेळ आणि निजण्याची वेळ विचारली, दर किलोमागे ३५ मिलिलिटर असा हिशेब केला आणि माझ्या चौऱ्याहत्तर किलो देहाला रोज २,६०० मिलिलिटर पाणी मंजूर केले. पडद्यावर एका कुंडीत इवलेसे रोप उगवले. मी पाणी प्यालो की ते वाढणार होते आणि विसरलो की माना टाकणार होते. "बाबा, पाणी प्यायलात की फक्त पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायचे," मुलगा म्हणाला. या वाक्यातला 'की' किती ठिसूळ आहे, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या आईने हा सारा सोहळा पाहिला. तिचे वय चौऱ्याऐंशी आहे आणि तिला आजवर मुतखडा झालेला नाही. "तहान लागल्याची आठवण दुसऱ्याने करून द्यायची असते काय रे?" एवढेच तिने विचारले आणि ती कुळीथ भिजत घालायला उठली.

ॲपशी माझा पहिला खटका व्याकरणावरून उडाला. पाण्याचा थेंब पडल्यासारखा 'टप्' असा आवाज करून ते लिहायचे, 'तुम्ही पाणी पिले नाही आहे!' या वाक्यात 'पिले' ही केवळ मांजराची असू शकतात, असे माझे मत आहे. 'तुम्ही पाणी प्यायला नाहीत' अशी सुधारणा मी मनातल्या मनात लाल शाईने करीत असे आणि त्या भरात पाणी प्यायचे राहून जाई. दिवसाचा कोटा पूर्ण झाला की ते मला शाबासकी देई, 'चांगली नोकरी!' ही शाबासकी इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून आलेली होती, हे मला मुलाने समजावून दिले. तोवर निवृत्तीला चार वर्षे उरलेला मी, या यंत्राला आपल्या वेतनश्रेणीची माहिती कोठून मिळाली असावी, या विवंचनेत होतो.

मध्यंतरी, रोज आठ पेले पाणी प्यावे असे प्रथम कोणी ठरवले याचाही मी शोध घेतला. १९४५ साली अमेरिकेतल्या एका आहारविषयक मंडळाने दिवसाला अडीच लिटर पाणी असा आकडा दिला होता आणि त्याच परिच्छेदात, यातले बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते, असेही लिहिले होते. जगाने पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे ऑप्शनला टाकले. विद्यार्थी वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत, त्यामुळे मला नवल वाटले नाही. शिजलेल्या भातात निम्म्याहून खूप अधिक पाणी असते, त्यावर हुमण, म्हणजे माशाचे कालवण, ओतले की ते आणखी वाढते, आणि सोलकढी तर निव्वळ द्रवच. परंतु आमच्या ॲपला हुमण ठाऊक नव्हते. त्याच्याकडे पेला, बाटली, चहा आणि कॉफी अशी चारच चित्रे होती.

खरी कसोटी मार्चमध्ये लागली. मी फोंड्याहून पणजीला रोज बसने जातो. त्या सकाळी ॲपच्या आज्ञेवरून उठल्याउठल्या दोन पेले, आंघोळीनंतर एक, न्याहारीबरोबर एक आणि वर चहा असे सव्वा लिटर द्रव भरून मी निघालो. म्हार्दोळपर्यंत मी वर्तमानपत्र वाचीत होतो. कुंडईला वाचणे थांबले. भोमच्या अरुंद रस्त्यावर समोरून आलेल्या ट्रकसाठी बस थबकली तेव्हा मी पाय बदलला, आणि बाणस्तारीच्या पुलावर खिडकीबाहेर पाहणे बंद केले, कारण खाली नदी होती. "फुडें वच, फुडें वच," असे म्हणत कंडक्टर आणखी माणसे आत कोंबत होता आणि त्यांच्यातल्या एका गृहस्थांची पिशवी नेमकी माझ्या ओटीपोटाशी टेकली. पिशवीत कलिंगड होते.

जुन्या गोव्याच्या पुढे बायपासवर वाहने खोळंबली होती, म्हणून चालकाने बस रायबंदरमार्गे वळवली. रायबंदर ते पाटो हा पोर्तुगिजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला दगडी बांध सुमारे ३.२ किलोमीटर लांब आहे. ही लांबी मी अनेकदा वाचली होती. त्या दिवशी ती मला मीटरामीटराने कळली. उजवीकडे मांडवी भरून वाहत होती. डावीकडच्या मिठागरांत पाणी चकाकत होते. जिकडे पाहावे तिकडे पाणी, आत पाणी, बाहेर पाणी, आणि बस मात्र पुढच्या दुचाकीच्या मागे वऱ्हाडासारखी चालली होती. अशा क्षणी खिशातून 'टप्' असा आवाज आला. आजूबाजूच्या दोघातिघांनी चमकून आधी माझ्याकडे आणि मग बसच्या तळाकडे पाहिले. मी घाईघाईने फोन काढला. 'तुम्हाला तहान लागली आहे का?' असा प्रश्न पडद्यावर होता.

पाटोला उतरल्यावर सार्वजनिक शौचालयाच्या दारात सुट्ट्या पैशांवरून जो संवाद झाला, तो येथे देणे माझ्या पेशाला शोभणारे नाही.

त्या दिवसापासून मी लबाडी सुरू केली. आधी ती वेळेपुरती होती : बोट आत्ता ठेवायचे आणि पाणी शाळेत पोचल्यावर प्यायचे. पुढे शाळेत तास लागून असत, म्हणून ते दुपारी प्यायचे ठरे, आणि दुपारी ठरे ते रात्री. एकदा प्रामाणिकपणाचा झटका येऊन मी रात्री नऊ वाजता दीड लिटर पाणी एका बैठकीत संपवले. निरोगी मूत्रपिंडे तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात, ही माहिती मला त्यानंतर मिळाली. पण माझी मूत्रपिंडे ती पाळण्याचा रात्रभर प्रयत्न करीत होती. तिसऱ्या खेपेला बायको अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, संडासाचा दिवा आता चालूच राहू द्या." दुसऱ्या दिवसापासून मी पाणी सोडले आणि बोट मात्र नियमाने ठेवू लागलो. रोपाचे झाड झाले. झाडाला फुले आली. एका बुधवारी आमच्या नळाला पाणीच नव्हते, त्या दिवशीही मी २,६०० मिलिलिटर पूर्ण केले आणि 'चांगली नोकरी!' ही दाद मिळवली. त्याच सुमारास अंगणातल्या अबोलीच्या कुंडीने खरोखरच मान टाकली. तिला पाणी घालण्याचे काम माझे होते आणि तिला 'टप्' करता येत नव्हते.

मे महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांसमोर फोन धरला. साठ दिवसांचे निळे खांब एका उंचीचे उभे होते. डॉक्टरांनी त्याकडे पाहिले, "छान," म्हणाले, आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी लिहून दिली. प्रयोगशाळेतून मला पाच लिटरचा एक पांढुरका प्लॅस्टिक कॅन मिळाला. त्याच्या अंगावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरचा प्रत्येक थेंब, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खेपेसह, कॅनमध्ये जमा करायचा आणि कॅन थंड जागी ठेवायचा, असा नियम होता. थंड जागेविषयी मी घरात विषय काढला. "फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाची बाटली आहे," बायको म्हणाली. त्या एका वाक्यात सारे काही होते. शेवटी न्हाणीघरात बर्फ घातलेल्या बादलीत कॅनची सोय झाली.

या कॅनला बोट दाखवून भागत नसे. रात्री झोपण्यापूर्वी फोनने २,६०० सांगितले तेव्हा कॅन ७०० च्या रेघेखाली होता. सकाळची खेप धरून तो कसाबसा ९०० ला टेकला. आईने न्हाणीच्या दारातून डोकावून पाहिले आणि काही न बोलता मला तांब्याभर पाणी आणून दिले.

कॅन पिशवीत घालून मी नेहमीच्या बसने निघालो. पिशवी जुनी होती आणि कॅनचे तोंड वर डोकावत होते. काजूच्या बोंडांची दारू गाळण्याचा हंगाम सरत आलेला असल्यामुळे बसमध्ये असा कॅन दिसणे नवलाचे नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी म्हार्दोळपर्यंत त्याच्याकडे तीनदा पाहिले, मग माझ्याकडे झुकून दबक्या आवाजात विचारले, "मास्तर, हुर्राक? खंयसून?"

खोटे बोलण्याची माझी शक्ती त्या दोन महिन्यांत पार खर्च झाली होती. "घरगुती आहे," मी म्हणालो.

त्यांनी आदराने मान डोलावली, रंग जरा अधिक पिवळा आहे असे निरीक्षण नोंदवले आणि लिटरचा दर विचारला.